नीरेकाठचा म्हातारा सुभेदार

बारामतीचे नाव घेतले की मराठी वाचकाला पहिल्याने आठवतात ते मोरोपंत. कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून पंतांनी आर्यांच्या राशी रचल्या आणि १७९४ साली तेथेच देह ठेवला. इंदापूरचे नाव घेतले की आठवतात मालोजीराजे. शिवछत्रपतींचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. म्हणजे एक गाव लेखणीचे आणि दुसरे तलवारीचे, अशी आपण मनाशी वाटणी करून मोकळे होतो. पण या दोन्ही तालुक्यांच्या दक्षिण अंगाने जी नीरा वाहत जाते आणि पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुरापाशी भीमेला मिळते, तिच्या काठच्या एका लहानशा गावानेही मराठी राज्याला एक शिपाई दिला. ते गाव होळ आणि तो शिपाई म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकर. घराण्याला आडनाव मिळाले तेच मुळी या गावावरून.

मल्हाररावांच्या पराक्रमाची पुस्तके पुष्कळ आहेत. मला आज दिवाळीच्या निमित्ताने, घरातली लहानथोर माणसे फराळाला एकत्र बसलेली असताना, त्यांची आठवण काढावयाची आहे ती थोडी वेगळ्या बाजूने. हा माणूस त्र्याहत्तर वर्षे जगला. त्यांतली निदान पन्नास वर्षे त्याने घोड्याच्या पाठीवर काढली. मराठ्यांच्या इतिहासात तरुणपणी रणात पडलेले वीर शेकड्यांनी मोजावेत. पण लढाया लढून म्हातारा झालेला, मुलाला अग्नी देऊन सुनेला कारभार शिकविणारा असा सेनापती विरळा. मरणाने माणूस मोठा होतो हे आपण नेहमी ऐकतो. जगून राहिल्याने माणसावर काय काय ओझी येतात, ते मल्हाररावांच्या चरित्रात दिसते.

*

इ. स. १६९३ साली मल्हाररावांचा जन्म झाला. वडील खंडोजी, जात धनगराची. आज नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा हा सगळा पट्टा उसाने हिरवागार झालेला दिसतो. पण तो कालवा वाहू लागला १८८५ साली. खंडोजींच्या काळी येथे कोरडी माळराने होती. पावसाने ओढ दिली की मेंढरे पुढे घालून माणसांनी वाट धरावी, हाच येथला शिरस्ता. मल्हार तीनेक वर्षांचा असतानाच बाप वारला. भाऊबंदांत विधवेचा निभाव लागेना, म्हणून आईने पोराला घेतले आणि थेट खानदेशात, तापीपलीकडे तळोद्याला, आपला भाऊ भोजराज बारगळ याचे घर गाठले. नीरेपासून तापीपर्यंतची ती वाट आजही नकाशावर बोटाने मोजून पाहावी. त्या बाईने ती कशी काटली असेल, हे बखरकारांना लिहावेसे वाटले नाही. मल्हाररावांच्या आयुष्यातली पहिली मोहीम त्यांच्या आईने मारली, असे मला नेहमी वाटते.

मामाकडे पोर मेंढरे राखू लागले. उन्हात झोपी गेलेल्या मल्हारच्या डोक्यावर नागाने फणा धरल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. थोर पुरुषांच्या बालपणी नाग येतोच. ती श्रद्धेची गोष्ट, तिच्याशी हुज्जत घालू नये. पण खरे शिक्षण झाले ते मेंढरांमागे. कोणत्या ओढ्याला कधी पाणी असते, घाट कोठून उतरतो, रात्री कळप कोठे बसवावा आणि लांडगा कोणत्या बाजूने येतो, हे ज्याला उपजत कळू लागते त्याला पुढे घोडदळाचा तळ कोठे पाडावा हे शिकवावे लागत नाही.

भोजराजांचे काही स्वार सरदार कदम बांडे यांच्या पदरी होते. त्यांत मल्हार शिरला. सरकारी घोड्यावर बसून चाकरी करणारा तो बारगीर आणि पदरच्या घोड्यानिशी येणारा तो शिलेदार. या दोन पायऱ्यांच्या मध्ये गरिबाच्या पोराचे सारे आयुष्य निघून जाई. मल्हार त्या झपाट्याने चढला. मामाने पाणी जोखले आणि आपली मुलगी गौतमा त्याला दिली. पुढे पहिल्या बाजीरावांची नजर त्यांच्यावर गेली, आणि कदम बांड्यांची चाकरी सोडून मल्हारराव पेशव्यांकडे आले. जुन्या धन्याशी त्यांनी वाकडे मात्र धरले नाही. होळकरांच्या निशाणाचा तांबडा-पांढरा पट्टा बांड्यांच्या निशाणावरून, त्यांच्या संमतीने आला असे परंपरा सांगते.

१७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला निजामाची कोंडी झाली, त्या मोहिमेत मल्हारराव होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पांनी अमझेऱ्याला माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधरबहादूर याचा मोड केला, तेथे राणोजी शिंदे, उदाजी पवार आणि मल्हारराव हे त्रिकूट पुढे होते. पुढची माळव्याची वाटणी, भोपाळ, वसई हा सारा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो. तो येथे पुन्हा सांगत नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. १७३७ च्या मार्चमध्ये मल्हारराव यमुना ओलांडून अंतर्वेदीत घुसले आणि जलेसरपाशी सादतखानाने त्यांना मार दिला. मराठे चंबळपार हाकलले, अशी बढाई सादतखानाने बादशहाला लिहून कळविली. त्या बढाईला उत्तर म्हणून बाजीराव खासा दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. मल्हारराव जलेसरला हटले, पण फौज वाचवून परत आले आणि पुढच्याच मोहिमेत पुन्हा आघाडीला होते. घाव घालावा, उलटला तर निसटावे, जीव राखून फिरून यावे, ही त्यांची युद्धविद्या. मेंढपाळ मेलेल्या मेंढरासाठी सगळा कळप गमावीत नाही, तशातली.

*

आता घराकडे वळू. १७३४ साली होळकरांच्या दौलतीत एक व्यवस्था झाली. सरदाराला जो मुलूख सरंजाम म्हणून मिळे, त्याचे उत्पन्न फौज बाळगण्यासाठी असे; त्याचा हिशेब सरकारात द्यावा लागे. पण त्या साली छत्रपती-पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावाने खासगी जहागीर वेगळी तोडून मिळाली. तिचे उत्पन्न सुमारे तीन लाखांचे होते आणि महेश्वरसारखा महाल तिच्यात होता. त्यावर फौजेचा हक्क नाही, कारकुनाचा नाही. तो पैसा घरच्या बाईचा. ज्या माणसाच्या आईला नवरा मरताच गाव सोडून भावाच्या दारी जावे लागले होते, त्याच्या बायकोला आता हक्काची जहागीर झाली. या दोन गोष्टींचा संबंध कोणत्याही कागदात लिहिलेला नाही. पण वाचकांनी तो मनाशी लावून पाहावा.

मल्हाररावांना गौतमाबाईंखेरीज आणखी बायका होत्या. बनाबाई, द्वारकाबाई, आणि खांड्याशी लग्न लावून आलेल्या हरकूबाई. त्या काळच्या सरदाराच्या घरची ही रीत. तिच्यावर आज पांघरूण घालण्याचे कारण नाही आणि तिचे कौतुकही नको. मुलगा मात्र वाढला तो एकुलता, गौतमाबाईंचा खंडेराव. त्याच्यासाठी १७३३ साली चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची मुलगी सून म्हणून आली. वय आठ वर्षांचे, नाव अहिल्या. मल्हाररावांनी आणि गौतमाबाईंनी या मुलीला लिहिणे, वाचणे, हिशेब हे सगळे शिकू दिले. मुलगा शूर होता, पण कारभारात त्याचे मन रमत नसे. मुलात जे उणे दिसले ते सुनेत आहे, हे सासऱ्याच्या ध्यानात आले. अशी गोष्ट पुष्कळ सासऱ्यांच्या ध्यानात येते. ती कबूल करून तिच्याप्रमाणे वागणारे थोडे.

१७५४ च्या मार्चमध्ये राजस्थानात कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा पडला होता. सुरजमल जाट आत, मराठे बाहेर. मोर्चे पाहत असताना किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने खंडेराव ठार झाला. तेव्हा मल्हारराव एकसष्ट वर्षांचे होते. कुंभेरीची माती यमुनेत टाकीन, सुरजमलाचे डोके उतरीन, अशी भयंकर प्रतिज्ञा त्यांनी केली. ती पुरी झाली नाही. जाटांनी शिंद्यांकडून मध्यस्थी करविली, तह झाला आणि शिंदे-होळकरांच्या मनांत त्या दिवसापासून जी अढी बसली ती कधी सुटली नाही.

पण छावणीत त्याच दिवशी दुसरी एक लढाई झाली आणि ती म्हाताऱ्याने जिंकली. खंडेरावाच्या इतर बायका सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या. सासरे त्यांच्यापुढे उभे राहिले. माझा मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा. तू गेलीस तर या म्हातारपणी मी कोणाच्या तोंडाकडे पाहू, अशा अर्थाची त्यांची विनवणी परंपरेने जपून ठेवली आहे. शब्द कोणते होते कोण जाणे. परिणाम मात्र इतिहासात नोंदलेला आहे. अहिल्याबाई मागे राहिल्या. रिवाज, लोकलाज, धर्माची समजूत हे सारे एका बाजूला आणि मुलाच्या चितेजवळ उभा असलेला बाप दुसऱ्या बाजूला. ज्याने रणांगणावर माघार घेण्याची कधी लाज बाळगली नाही, तो येथे तसूभर हटला नाही.

*

आता चरित्राच्या अवघड भागाकडे येतो. तो टाळून स्तुतिपाठ गाइला, तर म्हाताऱ्याशी तो प्रामाणिकपणा होणार नाही.

१७५७ साली रघुनाथरावांच्या फौजेने दिल्ली घेतली, तेव्हा नजीबखान रोहिला हाती सापडला होता. तो मल्हाररावांचे पाय धरून धर्मपुत्र म्हणवू लागला आणि मल्हाररावांनी त्याला सोडविले. याच नजीबाने पुढे अब्दालीला हिंदुस्थानात बोलाविले. शत्रू समूळ नाहीसा झाला तर पेशवे आपणा सरदारांना धोतरे बडवायला लावतील, असे मल्हारराव म्हणाल्याची कथा बखरीत आहे. ते तसे म्हणाले असोत वा नसोत, धोरण तसे होते हे नाकारता येत नाही. त्या धोरणाची किंमत पहिल्याने शिंद्यांनी दिली. १७६० च्या जानेवारीत बुराडीच्या घाटावर दत्ताजी पडले.

मग पानिपत. १७६१ च्या १४ जानेवारीला लढाई जुंपली तेव्हा सेनापती सदाशिवरावभाऊ तीस वर्षांचे होते आणि उजव्या बगलेवर शिंद्यांशेजारी उभे असलेले मल्हारराव सदुसष्ट वर्षांचे. बुणगे, बायकामाणसे, जड सामान मागे चंबळेकडे ठेवावे आणि गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला त्यांनी आणि सुरजमलाने दिला होता. भाऊसाहेबांचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर. म्हाताऱ्याचा सल्ला म्हाताऱ्याचाच ठरला. दुपारनंतर विश्वासराव पडले, फौजेची फळी फुटली आणि मल्हारराव आपले लोक घेऊन रणातून निघाले.

दरवर्षी वर्गात पानिपत शिकविताना हे वाक्य आले की एखादा तरी मुलगा हात वर करतो आणि विचारतो, "गुरुजी, म्हणजे ते पळून गेले का?" मी गेली वीस वर्षे या प्रश्नाला उत्तर देत आलो आहे आणि प्रत्येक वर्षी ते थोडे निराळे निघते. भाऊसाहेबांनीच निरोप पाठवून त्यांना बाहेर पडावयास सांगितले, असे एक परंपरा म्हणते. नजीबाशी त्यांचे आतून संधान होते, असा दुसरा आरोप आहे. मी मुलांना दोन्ही सांगतो. मग फळ्यावर खडूने तारखा लिहितो आणि लढाईच्या पुढची पाने वाचावयास लावतो. कारण १४ जानेवारीला इतिहास संपला नव्हता.

पानिपताची बातमी पसरताच उत्तरेतले सारे मांडलिक उठले. मराठे संपले, असे जो तो म्हणू लागला. जयपूरचा माधोसिंग फौज घेऊन निघाला. शिंद्यांच्या घरात जयाप्पा, दत्ताजी, जनकोजी, तुकोजी सगळे गेले होते. महादजी पायाने अधू होऊन कसेबसे वाचले होते. पेशवे नानासाहेब जूनमध्ये वारले; गादीवर आले माधवराव, वय सोळा. आणि घरी, त्याच साली, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर गौतमाबाईंनीही डोळे मिटले. अशा वेळी नोव्हेंबरच्या अखेरीस कोट्याच्या मुलखात मांगरोळपाशी या अडुसष्ट वर्षांच्या विधुराने जयपूरच्या फौजेला गाठले, दोन दिवस झुंज दिली, स्वतः जखमी झाला आणि लढाई जिंकली. पानिपतानंतर अकरा महिने पुरे व्हायच्या आत माळवा-राजस्थानात मराठी निशाण पुन्हा उभे राहिले. ते उभे करणारा माणूस पानिपतावर पडला असता, तर आपण त्याचे पोवाडे गाइले असते. पण मग मांगरोळ कोणी मारले असते?

मुले यावर गप्प होतात. काहींना पटते, काहींना पटत नाही. न पटणाऱ्यांना मी दटावीत नाही. नजीबाचा दोष मांगरोळने धुऊन निघतो असे माझेही म्हणणे नाही. जमेची बाजू जमेला लिहावी, खर्चाची खर्चाला. दोन्ही पुसून टाकू नयेत, एवढेच.

*

मल्हाररावांचे शेवटचे दिवसही छावणीतच गेले. १७६५ च्या मे महिन्यात, बहात्तराव्या वर्षी, अयोध्येच्या शुजाउद्दौल्याला साथ देऊन कोऱ्याजवळ त्यांनी इंग्रजांशी सामना केला आणि कवायती तोफखान्यापुढे त्यांचे घोडदळ टिकले नाही. पालखेडच्या वेळी ज्या विद्येने निजाम कोंडला, ती विद्या आता पुरत नाही, हे आयुष्याच्या अखेरीस त्यांना डोळ्यांनी पाहावे लागले. त्याच सालचे त्यांचे अहिल्याबाईंना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, मोठ्या तोफा बरोबर घ्याव्यात, दारूगोळ्याची बेगमी करावी, असा त्याचा रोख आहे. सासऱ्याने सुनेला लिहिलेल्या पत्रात लोणच्या-पापडांची चौकशी नाही, तोफांची आहे! रणात असलेल्या सेनापतीने घरच्या कारभाऱ्याला लिहावे तसे ते पत्र आहे. आणि कारभारी सून होती.

२० मे १७६६ रोजी बुंदेलखंडाच्या सीमेवर आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. बाजीराव त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. ते १७४० साली गेले. त्याच साली चिमाजीअप्पा, १७४५ साली राणोजी, १७४९ साली शाहू महाराज. ज्यांच्याबरोबर घोडी फेकली ते सगळे पुढे गेले, आणि हा म्हातारा तिसऱ्या पेशव्याची चाकरी करीत राहिला. ज्याला सोबतीच उरलेले नाहीत त्याने जुन्या लढाया कोणाला सांगाव्या?

पुढच्याच वर्षी नातू मालेरावही वारला, आणि दौलत अहिल्याबाईंच्या हाती आली. होळकरांच्या दौलतीला वारस नाही, असे म्हणून रघुनाथराव ती गिळावयास निघाले होते. परंतु माधवराव पेशव्यांनी बाईंचा हक्क मान्य केला. पुढची अठ्ठावीस वर्षे, १७९५ पर्यंत, त्यांनी जे राज्य केले त्याची कीर्ती काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या घाटांवर आणि देवळांवर कोरलेली आहे. त्या घाटांचा पैसा बहुतांशी सरकारी खजिन्यातून आला नाही. तो आला गौतमाबाईंच्या त्या खासगीतून, जी सासूमागून सुनेकडे आली होती. १७३४ साली शिपायाने बायकोच्या नावे वेगळी करून घेतलेली जहागीर अशी साऱ्या हिंदुस्थानच्या यात्रेकरूंच्या पायांखाली पायऱ्या होऊन पसरली.

आलमपूरला अहिल्याबाईंनी सासऱ्याची छत्री बांधिली आणि तिच्या खर्चासाठी भोवतालची गावे मिळवून लावून दिली. भोवती ग्वाल्हेर आणि दतियाचा मुलूख, मध्ये इंदुराचे हे एवढेसे ठिकाण. संस्थाने विलीन होईपर्यंत ते होळकरांकडेच राहिले. नकाशा रंगविणाऱ्या कारकुनांना त्या ठिपक्याचा त्रास झाला असेल. पण एका सुनेने सासऱ्याच्या चितेची जागा परक्या हातात जाऊ दिली नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

बारामती-इंदापूरकडच्या वाचकांना मात्र तेवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला तर आपण जातोच. मल्हार हे नावही त्याच देवाचे. गडावरून उतरल्यावर होळकरांच्या तलावाकडे वळावे. तेथे होळकर घराण्याने बांधलेले महादेवाचे एक देऊळ आहे. त्याचे नाव मल्हारगौतमेश्वर. सुभेदारीचा उल्लेख त्यात नाही, माळव्याचा नाही, अटकेपर्यंत गेलेल्या घोड्यांचाही नाही. एका नवऱ्याचे नाव आणि एका बायकोचे नाव, मध्ये अवकाश न ठेवता जोडलेले, एवढेच त्या देवळाच्या नावात आहे. तेथून होळ फार दूर नाही.